कोस्ता आपले, मग बाकीचे कोण?

आंतोनियो कोस्ता २०१५ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान झाले तेव्हा, आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय परिषदेच्या अध्यक्षपदी बसले तेव्हाही, माझं फेसबुक ‘आपला मडगावचा माणूस’ या जल्लोषाने ओसंडून वाहत होतं. त्यात वावगं काही नाही. घराणं मडगावचं, वडील ओर्लांदो दा कोस्ता नावाजलेले लेखक, २०१७ च्या जानेवारीत स्वतः कोस्ता गोव्यात येऊन नातेवाइकांना भेटून गेले. अभिमान वाटणारच.

पण याच कोस्तांच्या आणखी दोन गोष्टी आमच्याकडे फारशा कुणी शेअर केल्या नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये लिस्बनजवळच्या एका गरीब वस्तीत पोलीस आणि तिथले कृष्णवर्णीय रहिवासी यांच्यात बाचाबाची झाली, नंतर शहरात तोडफोड झाली. संसदेत विरोधी बाकावरून पंतप्रधानांना विचारलं गेलं की तुम्ही या तोडफोडीचा निषेध करता की नाही? कोस्ता एरवी हसतमुख माणूस, पण त्या दिवशी भडकले. माझ्या कातडीचा रंग बघूनच हा प्रश्न मला विचारला जातोय, असं त्यांनी भर सभागृहात सुनावलं. दुसरी गोष्ट जून २०२३ ची. पोर्तुगालच्या राष्ट्रीय दिनी पेसो दा रेग्वा या गावात आंदोलक शिक्षकांनी त्यांचं व्यंगचित्र नाचवलं, डुकराचं नाक आणि डोळ्यांत खुपसलेल्या पेन्सिली असलेलं. कोस्तांनी तिथेच त्यांना ‘वंशद्वेष्टे’ म्हटलं.

लिस्बनमध्ये जन्मलेला, देशाचं सरकार चालवणारा माणूस. त्यालाही तू नक्की कुणाच्या बाजूचा, याचा खुलासा करावा लागतो. मग गोव्यातल्या बाणावलीहून गेल्या वर्षी तिकडे उतरलेल्या पोराला कोण विचारतो!

कायद्याने नागरिकत्व काढून घ्यायला एक सही पुरते. पण ती सही करायची हिंमत व्हावी म्हणून आधी काही वर्षं बातम्यांनी जमीन नांगरून ठेवलेली असते. आपण संसदेकडे बघत बसतो, आणि काम चाललेलं असतं स्टुडिओत. पोर्तुगालमधल्या ‘शेगा’ या उजव्या टोकाच्या पक्षाचे नेते आंद्रे व्हेंतुरा घराघरात पोहोचले ते टीव्हीवर फुटबॉलची चर्चा करता करता. २०१९ मध्ये स्थापन झालेला पक्ष मे २०२५ च्या निवडणुकीत ६० जागा जिंकून दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात व्हेंतुरांचे फलक लागले, ‘हा बांगलादेश नाही’. तो फलक लावणाऱ्याला बांगलादेशी आणि बाणावलीकर यांतला फरक कळतो असं ज्यांना वाटतं, त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आणि आपली माणसं तिकडे किती आहेत हे मी सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज अंमलात, इथे गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. आजोबांच्या जन्मनोंदीवर एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं, मग अफिडेव्हिट, मग एजंट, मग लिस्बनहून निरोप येईपर्यंत वाट बघणं. निबंधक कार्यालयाबाहेर मागे मला एक गृहस्थ भेटले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे दाखले. त्यांनी मुलाचा हिशेब एका दमात सांगितला: “पासपोर्ट पोर्तुगालाचो, काम इंग्लंडांत, घर हांगा.” भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तिकडचं घेतलं की इकडचं संपलं. पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) मिळवण्यासाठी वेगळीच वारी.

याच जागी मला शमीमा बेगम आठवते. नाव काढलं की माणसं खवळतात, ठाऊक आहे. लंडनमध्ये वाढलेली मुलगी, २०१५ मध्ये पंधराव्या वर्षी घरातून पळून सीरियात आयसिसकडे गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘द टाइम्स’च्या बातमीदाराने तिला तिथल्या छावणीत शोधून काढलं. मुलाखतीत ती जे बोलली ते ऐकून अंगावर काटा येतो, पश्चात्तापाचा लवलेश नाही. मुलाखत छापून आल्यावर आठवडाभराच्या आत ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी तिचं नागरिकत्व काढून घेतलं. तिच्यावर खटला चालवायचा होता, जन्मभर तुरुंगात ठेवायचं होतं, माझं काही म्हणणं नव्हतं. पण सरकारचा आधार काय होता? तिचे आईवडील मूळ बांगलादेशचे, म्हणजे वंशाने ती तिकडची नागरिक ठरते. बांगलादेशने लगेच सांगितलं की आम्ही तिला घेणार नाही. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयातही ती हरली. तीन पिढ्या यॉर्कशायरमध्ये काढलेल्या आणि दुसरा कुठलाही पासपोर्ट नसलेल्या गोऱ्या मुलीने हेच केलं असतं, तर तिला बेवतन करायला ब्रिटिश कायदाच आडवा आला असता. आजोबांच्या देशावर हक्क असणं ही सोय म्हणून आपण बघतो. तोच हक्क तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

सगळी पत्रकारिता अशीच, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच ब्रिटनमध्ये ‘द गार्डियन’च्या अमेलिया जेंटलमन या बातमीदार महिलेने महिनोन्‌महिने कॅरिबियन बेटांवरून लहानपणी आलेल्या म्हाताऱ्या माणसांचा पाठपुरावा केला. पन्नास-पन्नास वर्षं कर भरलेली माणसं, कागद नाही म्हणून कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार अडले, कुणाला विमानात बसवून परत पाठवलं. त्यांच्या येण्याची नोंद असलेली कार्डं गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती! एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. एका पेपरची चिकाटी इतकं करू शकते.

गोंयकारांना यातलं काही नवं असायला नको खरं तर. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत दिली. त्यात आपले किती होते! सरकारी कचेऱ्यांतले कारकून, शिंपी, शिक्षक. कंपाला आणि एंटेबेला त्यांच्या गोवन इन्स्टिट्यूट होत्या, तिथे नाचगाणी, क्रिकेट, नाताळ, सगळं थाटात. युगांडाचं नागरिकत्व रीतसर घेतलेल्यांनाही कागद पुन्हा तपासून घ्यायला रांगेत उभं केलं आणि काहीतरी खुसपट काढून कित्येकांना बाद केलं. आणि ब्रिटनकडून स्वागत कसं झालं? लेस्टर शहराच्या नगरपालिकेने सप्टेंबर १९७२ मध्ये ‘युगांडा आर्गस’ या तिथल्या वर्तमानपत्रात पैसे मोजून जाहिरात दिली, की तुमच्या आणि कुटुंबाच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. एका देशातला रेडिओ म्हणतोय निघा, दुसऱ्या देशाची जाहिरात म्हणतेय येऊ नका. मध्ये ट्रंका बांधून बसलेली माणसं. (लेस्टरला लोक गेलेच, आणि पुढे त्याच शहराने या वस्तीचा गौरव केला. तो भाग वेगळा.)

आज रेडिओची जागा आपण आत्ता जिथे आहोत त्या फेसबुकने घेतली आहे. म्यानमारने १९८२ च्या कायद्याने रोहिंग्यांना नागरिकांच्या यादीबाहेर ठेवलं होतंच. तिथे लोकांच्या लेखी इंटरनेट म्हणजेच फेसबुक, आणि त्यावर वर्षानुवर्षं त्यांच्याविरुद्ध विष पेरलं गेलं. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक माणसं जीव मुठीत धरून बांगलादेशात गेली. तेव्हाचा लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग याचं खातं फेसबुकने बंद केलं ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे वर्षभराने. गावं जळून राख झाल्यावर.

आता घरचं. आमच्याकडे मराठी पेपर म्हणजे नुसती बातमी नसायची, ती बाजू असायची. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या १९६७ च्या जनमत कौलात ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, तर मडगावचा ‘राष्ट्रमत’ विरोधात, आणि तोही मराठीतूनच! त्यात उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळलं गेलं, आणि त्यानंतर मराठी वाचणाऱ्या घरांकडे कित्येक वर्षं संशयाने बघितलं गेलं. १९८५ ते ८७ च्या कोकणी-मराठी भाषावादात ते पुन्हा उफाळलं. आम्ही काही बेघर झालो नाही, कुणी पासपोर्ट मागितला नाही. युगांडाशी तुलना करणं हा थिल्लरपणा होईल. पण आपल्याच गावात ‘तू नक्की इथलाच ना?’ ही नजर काय असते, एवढं माझ्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक आहे.

म्हणून शेजारच्या आंटीच्या मुलाचं मला जास्त वाटतं. तो इंग्लंडमधल्या स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो. जुलै २०२४ अखेर साउथपोर्टला लहान मुलींचे खून झाले. मारेकरी बोटीतून आलेला निर्वासित आहे अशी थाप खोट्या नावासकट ऑनलाइन पसरली, आणि इंग्लंडभर मशिदींवर, निर्वासितांच्या हॉटेलांवर हल्ले झाले. मारेकरी जन्मला होता कार्डिफमध्ये. त्या दिवसांत आंटी रोज फोन करून त्याला सांगायची, बाबा, चालत जाऊ नकोस, टॅक्सी कर. आणि त्याच आठवड्यात त्या पोराने गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय पाठवलं असेल? ‘भायल्यांना भाड्याने खोल्या देऊ नका’ (भायले म्हणजे बाहेरून आलेले) असा फॉरवर्ड, खाली हात जोडलेल्या तीन इमोजी.

आमचे पेपर तरी काय वेगळं करतात? चोरी करणारा बिहारचा किंवा कर्नाटकातला असला की मथळ्यातच ‘परप्रांतीयाला अटक’. इथला असला की ‘युवकाला अटक’. एका संपादक मित्राला मी हे विचारलं. तो म्हणाला, “मथळ्यात ते नसेल तर बातमी उघडणार कोण?” मी म्हटलं, “स्विंडनच्या पेपरने उद्या तुझ्या भाच्याबद्दल असं छापलं तर?” तर म्हणतो, “भाच्यावर अजून केस झालेली नाही.”

असो. खाली कमेंटमध्ये ‘आधी भायल्यांना तुझ्या घरी ठेव’ असं लिहिणारे येतीलच. जरूर लिहा. फक्त त्याच कमेंटमध्ये आपल्या घरातलं कोण सध्या कुठल्या देशात भायलो आहे, तेही लिहा.