तेलाआधी पिसवा बघा

कुत्र्यांच्या ॲलर्जीच्या खाजेवर एका लेखात सीबीडी तेल (गांजाच्या झाडातल्या, नशा न आणणाऱ्या द्रव्याचं) सुचवलंय, पण त्याच झाडातल्या टीएचसीबद्दल एक ओळ नाही. गांजाची नशा येते ती त्याच्यामुळे, आणि कुत्र्यांना ते चांगलंच बाधतं: झोकांड्या, लाळ, नकळत मूत. म्हणून 'आपलीच वनस्पती' म्हणत घरातली भांग पाजू नये. सीबीडीच्या छोट्या चाचण्यांत काही कुत्र्यांची खाज उतरली, पण कातडीवरचे चट्टे फारसे हटले नाहीत. शिवाय रक्तातलं एएलपी हे यकृताशी निगडित एन्झाइम वाढू शकतं, तेव्हा यकृताची तपासणी हवीच.

आमच्या मालवणात पावसाळ्यात भिंतींनाही बुरशी धरते, तिथे कुत्र्याची काय कथा! कानात, काखेत मॅलेसेझिया नावाची बुरशी, आंबूस वास, वर पिसवा नि गोचीड. गावात सगळ्यालाच 'लूत' म्हणून करंजेल चोपडतात. आधी केसांत पिसवा शोधा, नि कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. बुरशी किंवा पिसवा निघाल्या तर सीबीडीचं महागडं तेल काय करणार? ॲपोक्वेल ही खाजेवरची गोळीही स्वस्त नाही म्हणा, पण ॲलर्जीच असेल तर खाज लवकर थांबवते.

बाटलीत टीएचसी किती आहे ते कसं ओळखायचं, एवढं लेखकाने सांगावं.