डोकं आहे का पिठाचा डबा?

आज पालकसभेला जाऊन आलो आणि तेव्हापासून टाळकं सरकलंय. बाई म्हणाल्या, "अपूर्णांक चारदा डोक्यात घातले हो, शिरतच नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी!" पोरगं शेजारीच उभं. बुटाच्या टोकानं फरशी उकरत होतं.

घातले म्हणजे? आपण बोलतोच तसं. डोक्यात भरवायचं, गळी उतरवायचं, नाही उतरलं तर डोक्यावरून गेलं. सांगणारा कायम ओतणार आणि सांडलं की दोष भांड्याचा! मायकेल रेडी म्हणून एका भाषाअभ्यासकानं १९७९ सालीच इंग्रजीबद्दल हे दाखवलं होतं: विचार म्हणजे माल, शब्द म्हणजे पेट्या, ऐकणाऱ्यानं नुसत्या उघडायच्या. आपलं काय वेगळं आहे?

माझे चुलते पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते. लहानपणी विचारलं, "काका, पाक झाला कसं कळतं?" बोललेच नाहीत. काहिलीतला जरासा पाक पाण्याच्या वाटीत सोडला. "दाब बोटानं." पिचकला. थोड्या वेळानं परत, परत पिचकला. तिसऱ्यांदा गोळी झाली, आपटली तर टप्प वाजली. मग म्हणाले, "आता तू सांग, उतरवू का काहील?"

मला विचारलं! एवढ्याशा पोराला!

वर्गात पन्नास पोरं, बाई कुणाकुणाच्या बोटाला पाक लावणार, मान्य. अपूर्णांक म्हणजे गूळ नव्हे, तेही मान्य. पण पोरासमोर घडा पालथा म्हणायचं?

आता खरं सांगतो. परवा रात्री मीच ओरडलो होतो, "कितीदा सांगू? डोकं आहे का मडकं?" गुळव्याचा पुतण्या मी. लाज वाटते लिहिताना.

मघाशी जेवताना म्हटलं, "तुला काय वाटतं ते तू सांग." बराच वेळ भाकरी कुस्करत बसला. मग म्हणाला, "पप्पा, पाच चारापेक्षा मोठे. मग एक पंचमांश पावापेक्षा बारका कसा?"

बरोबर आहे की लगा त्याचं! चारदा घातलं सगळ्यांनी, आत आधीच काय बसलंय ते एकानंही विचारलं नाही. काकांनी वाटी पुढं केली असती.

'फोड करून सांग' असंही आपल्यात म्हणतात, ते त्यातल्या त्यात बरं. गुळाची ढेप काढलीय, बत्ता सापडेना. आजी, आई, तो आणि मी, चार वाटेकरी झाले. पाचवा पाहिजे म्हणून पोरगं शेजारच्या दोस्ताला हाक मारायला गेलंय, आणि जाताना स्वतःच कुरकुरलं, "पण मग मला कमी येणार."