सेल्सवाल्यांना एकोपा शिकवू नका, नियम लिहून द्या

"आमच्या सेल्स टीममध्ये टीम स्पिरिटच नाहीये" अशी तक्रार दर क्वार्टरला कुणीतरी करतं आणि मग सगळ्यांना आऊटिंगला नेऊन रस्सीखेच खेळायला लावतात. अहो, ज्या माणसाचं निम्मं उत्पन्न त्याच्या एकट्याच्या आकड्यावर ठरतं तो एका वीकेंडात काय बदलणार? इंटरव्ह्यूला भूक असलेली माणसं तुम्हीच शोधून घेतलीत ना, मग आता ती ताट ओढतायत म्हणून कुरकुर कशाला.

माझं स्पष्ट मत आहे, सेल्समधली बहुतेक भांडणं स्वभावामुळे होत नाहीत, नियमात भोक राहिलेलं असतं म्हणून होतात. लीडचंच घ्या, म्हणजे माल घेऊ शकेल अशा ग्राहकाचं नाव. एकाने कधीतरी एक फोन केलेला असतो, सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, "इंटरेस्टेड, फॉलोअप करणार" टाकून ठेवलेलं असतं आणि नंतर तिकडे ढुंकूनही बघितलेलं नसतं. दुसऱ्याला तोच क्लायंट रेफरन्सने मिळतो, तो चकरा मारतो, डेमो देतो, रेटवरून घासाघीस करतो, ऑर्डर काढतो, आणि पीओ, म्हणजे क्लायंटची लेखी ऑर्डर, आला रे आला की पहिला उगवतो, "सर ही लीड माझी आहे, तारीख बघा." मग साहेब काय करतात? फिफ्टी-फिफ्टी! दोघंही फुगून बसतात ते सोडा, बाकीच्यांनी काय बोध घेतला बघा, दिसेल ते नाव सीआरएममध्ये कोंबा, कधी ना कधी अर्धं कमिशन पडेलच. त्यापेक्षा आधीच लिहून टाका की इतके दिवस खरा संपर्क नसेल तर लीड मोकळी. 30 दिवस की 90 ते तुमची सेल सायकल, म्हणजे पहिल्या संपर्कापासून ऑर्डरपर्यंत लागणारा वेळ, बघून ठरवा, पण ठरलं की टॉपरसाठीसुद्धा मोडायचं नाही. टॉपरसाठी तर अजिबातच नाही, कारण सगळ्यांचे डोळे तिकडेच लागलेले असतात.

दुसरी गंमत स्लॅबची. टार्गेटच्या वर गेलं की कमिशनचा रेट चढतो, कागदावर मस्त दिसतं. प्रत्यक्षात ज्याचा क्वार्टर गेल्यात जमा आहे तो हातातली ऑर्डर दाबून ठेवतो, पुढच्या क्वार्टरला काढतो, आणि ज्याला वरचा स्लॅब थोडक्यात हुकतोय तो शेवटच्या दोन दिवसांत वाट्टेल तो डिस्काउंट देऊन डील आणतो. इयन लार्किन नावाच्या संशोधकाने एका एंटरप्राइझ सॉफ्टवेअर कंपनीचा डेटा तपासला होता, 2014 मध्ये पेपर आला, त्यात अशा खेळामुळे चुकीच्या किमतीला माल गेला आणि कंपनीला महसुलाच्या 6 ते 8 टक्के फटका बसला असा हिशोब निघालाय. सेल्सवाले लबाड म्हणून हे झालं असं मला वाटत नाही, त्यांनी तुमची स्कीम तुमच्यापेक्षा नीट वाचली इतकंच.

आणि नुसता दट्ट्या लावला तर काय होतं त्यासाठी वेल्स फार्गो ही अमेरिकन बँक बघा. एका ग्राहकाला आठ प्रॉडक्ट विकायची म्हणून शाखांवर रोजचं प्रेशर, शेवटी लोकांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली. 2016 मध्ये साडेअठरा कोटी डॉलरचा दंड, सुमारे 5300 कर्मचारी कामावरून काढलेले, सीईओचा राजीनामा, आणि 2020 मध्ये परत 300 कोटी डॉलर भरून सेटलमेंट. तिथे रँकिंग होतं, रिव्ह्यू होते, सगळं होतं. हा आकडा आला कुठून हे विचारणारं वर कुणी नव्हतं.

लीडरबोर्डला माझा विरोध नाही, फक्त त्यावर नुसतं बुकिंग, म्हणजे मिळालेल्या ऑर्डरींचा आकडा, लावू नका. वसुली, कॅन्सलेशन, किती डिस्काउंट दिला, हेही शेजारी दिसू द्या, वरची नावं लगेच हलतात.

राहिला टॉपरला मॅनेजर करण्याचा विषय. बेन्सन, ली आणि श्यू या तिघांचा 2019 चा अभ्यास आहे, त्यात दिसतं की कंपन्या जास्त विकणाऱ्याला प्रमोशन देतात आणि मॅनेजर म्हणून तोच सरासरीने कमी पडतो. साहजिक आहे, त्याला स्वतः डील क्लोज करायची सवय. मीटिंगमध्ये ज्युनियर बोलत असताना हा मधेच घुसतो, क्लायंट ताब्यात घेतो, ऑर्डर आणतो, आणि ज्युनियर शेजारी बसून नोट्स काढतो. त्यात अशा मॅनेजरला वेगळं पर्सनल टार्गेट देणाऱ्या कंपन्यांचं तर मला नवलच वाटतं. लीड वाटायच्या त्याने, आणि त्यातल्याच उचलून स्वतःचा आकडा भरायचाही त्यानेच, मग टीमने त्याच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?