विम्बल्डन १९५४ आणि ड्रॉबनी नावाचा डावखुरा

जुलै आला की विम्बल्डनच्या सर्वोत्तम फायनलच्या याद्या फिरायला लागतात. बोर्ग-मॅकेन्रो, फेडरर-नदाल, झालं! १९५४ चं नाव कोणी काढत नाही. माझं मत विचाराल तर ती फायनल पहिल्या तिनात हवी, आणि ती यारोस्लाव ड्रॉबनीमुळे.

हा गडी प्रागचा. वडील टेनिस क्लबची मैदानं राखायचे, पोरगा तिथेच बॉलबॉय. १९३८ मध्ये सोळाव्या वर्षी विम्बल्डनला आला तो चेकोस्लोव्हाकियाचा म्हणून. पुढच्या वर्षी आला तेव्हा हिटलरने देशच गिळलेला, मग नावापुढे बोहेमिया-मोराव्हिया, म्हणजे जर्मनीच्या ताब्यातला चेक भाग. युद्धानंतर पठ्ठ्याने १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आइस हॉकीचं रौप्यपदक मिळवलं! त्याच हॉकीने डोळा जायबंदी केला, म्हणून तो टेनिसही काळपट चष्मा लावूनच खेळायचा. १९४९ मध्ये कम्युनिस्ट सरकारला वैतागून स्वित्झर्लंडमधल्या स्पर्धेतून घरी गेलाच नाही. नागरिकत्व दिलं इजिप्तने.

विम्बल्डनची १९४९ ची फायनल हरला, १९५२ ची हरला. १९५४ ला वय ३२, मानांकन अकरावं. त्याच्यावर पैज कोण लावणार? त्याने उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाच्या लू होडला सरळ सेटमध्ये उडवलं. फायनलला समोर ऑस्ट्रेलियाचाच १९ वर्षांचा केन रोझवॉल. बरोबरीतला सेट एका निर्णायक गेमने संपवणारा टायब्रेकर तेव्हा नव्हताच, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत हाणत राहायचं. पहिला सेटच २४ गेमचा. स्कोअर नीट वाचा: १३-११, ४-६, ६-२, ९-७.

सगळे हळहळतात ते रोझवॉलसाठी. चार फायनल खेळला, विम्बल्डन काही मिळालं नाही. मान्य. पण १९५४ च्या पराभवावर तरी मी अश्रू ढाळणार नाही.

‘खरे दादा तर बाहेरच होते’ असं कोणी म्हणेल, तेही खरंच आहे. विम्बल्डन तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी; क्रेमर, गोन्झालेस हे अमेरिकन दिग्गज व्यावसायिक, म्हणजे पैसे घेऊन खेळणारे झाले म्हणून त्यांना दार बंद. विजेत्याला बक्षिसाची रक्कम शून्य. ती सुरू झाली १९६८ ला. हौशीपणाचं ते सोवळं मला कधीच पटलेलं नाही. पण त्यात ड्रॉबनीचा काय दोष?

आणि हो, १९५४ लाच विम्बल्डनमधलं मुलांचं विजेतेपद आपल्या रामनाथन कृष्णनने पटकावलं, फायनलमध्ये अॅशली कूपरला हरवून. हाच कूपर १९५८ ला पुरुषांचा विजेता झाला. ड्रॉबनी पुढे ब्रिटिश नागरिक झाला आणि १९६० ला त्याच हिरवळीवर ब्रिटनकडून खेळला. म्हणजे चौथा देश! तुमच्या यादीत आहे असा कोणी?