‘यूट्यूब आहे ना’ म्हणणाऱ्यांना एका लग्नाच्या फोटोग्राफरचं उत्तर

लग्नसराई आली की फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं सार असं: कॅमेऱ्याच्या खोक्यात तो वापरायचा कसा हे सांगणारं छापील पुस्तक येत नाही म्हणून ओरडू नका; ते कुणी वाचत नव्हतंच, यूट्यूबवर सगळं आहे, पीडीएफ फुकट मिळते, आणि कागदही वाचतो. औसा-लातूर भागात मी सोळा वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतोय. मला यातलं जवळपास काहीच पटत नाही.

कुणी वाचत नव्हतं, हे तर साफ खोटं. ज्या स्टुडिओत मी शिकलो, तिथल्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये निकॉन डी90 चं पुस्तक असायचं. कॅमेरा 2008 चा, पुस्तक जाडजूड, कोपरे तेलकट झालेले, पाठीला चिकटपट्टी. फ्लॅशच्या पानावर उस्तादांनी पेनने लिहिलं होतं, ‘200 च्या वर नाही’. म्हणजे साध्या ट्रिगरवर (दूरचा फ्लॅश पेटवणाऱ्या डबीवर) अंब्रेला लाइट, म्हणजे छत्रीवाला फ्लॅश, लावला आणि शटरचा वेग सेकंदाच्या 1/200 च्या पुढे नेला, की फोटोत काळा पट्टा येणार. आम्हा तिघा पोरांचं इंग्रजी बेताचंच. पण पानावर प्रत्येक बटणाचं चित्र होतं आणि कडेला उस्तादांचं मराठी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते पुस्तक हातोहात फिरायचं. फोकस लॉक करायचं बटण कोणतं, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, सेन्सरला बोट लावायचं नाही, हे सगळं आम्ही तिथूनच शिकलो.

आता यूट्यूब. मीही त्यावर पुष्कळ शिकलोय, त्याच्याशी माझं वैर नाही. पण गेल्या उन्हाळ्यात एका रिसेप्शनचा व्हिडिओ मी हाताखालच्या पोरावर सोपवला. त्याने आदल्या रात्री जागून एक इंग्रजी व्हिडिओ पाहिला आणि तसंच सेटिंग केलं: सेकंदाला 30 फ्रेम, शटर 1/60 सेकंद. हॉलमध्ये जुन्या ट्यूबलाइट. रात्री कॉम्प्युटरवर लावून बघतो तर स्टेजवरून काळसर लाटा वर सरकताहेत, नवरीच्या तोंडावरूनसुद्धा. पोरगं रडकुंडीला आलं. व्हिडिओ बनवणारा अमेरिकेतला होता आणि त्याच्या जागी तो बरोबरच होता, कारण तिकडची वीज 60 हर्ट्झची. आपली 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. इथे 25 फ्रेम आणि शटर 1/50 किंवा 1/100 ठेवावं लागतं. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘फ्लिकर रिडक्शन’ (लुकलुक कमी करणे) अशी एक ओळ असते, तिथे 50 की 60 एवढंच निवडायचं. पोराला तो शब्दच माहीत नव्हता, तर तो शोधणार काय? यूट्यूबला विचारायला आधी प्रश्न ठाऊक असावा लागतो. पुस्तक चाळताना, आपण कधी विचारलं नसतं तेही नजरेला पडतं.

पीडीएफ फुकट मिळते, हे खरं. माझ्या आताच्या कॅमेऱ्याची सहाशेच्या वर पानांची आहे. ती घेऊन मी अजिंठ्याला गेलो होतो, लेणे क्रमांक 1, पद्मपाणीच्या भित्तिचित्रासमोर. तिथे फ्लॅशला मनाई आहे आणि ती असलीच पाहिजे, त्या रंगांना जपायचंय. फ्लॅश मी बंद केलाच होता. पण फोकस घेताना कॅमेऱ्याच्या तोंडावरचा बारीक दिवा पेटायचा. ‘दादा, लाइट बंद करा म्हटलं ना,’ रखवालदार दुसऱ्यांदा म्हणाला. अंधारात मोबाइलवर दोन बोटांनी पानं मोठी करत मी तो दिवा बंद करायची ओळ शोधत राहिलो, मागे लोक खोळंबले. शेवटी कॅमेरा पिशवीत टाकला. हातात पुस्तक असतं तर आदल्या रात्रीच ते पान दुमडून ठेवलं असतं.

कागद वाचतो म्हणता, तर मोबाइलवर पीडीएफ वाचणं जमत नाही म्हणून मी लातूरच्या ट्यूशन एरियातल्या झेरॉक्सवाल्याकडून तिची कामाची पानं काढून स्पायरल बांधून आणली. कागद लागलाच. फक्त कंपनीचा नाही, माझा, आणि कंपनीच्या पुस्तकातल्या पातळ कागदाच्या मानाने चांगला जाड. शिवाय खोक्यात वॉरंटीच्या आणि सूचनांच्या घड्या दहा भाषांत असतातच. त्यांत मराठी मला अजून दिसलेली नाही.

एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, बदललं की मेनू बदलतो आणि छापील पान जुनं होतं. तेवढ्यापुरती पीडीएफ हवीच. पण फ्लॅशची मर्यादा किंवा आपल्या विजेचे 50 हर्ट्झ फर्मवेअरने बदलत नाहीत.

‘कंपन्यांवर सक्ती कशी करणार?’ असंही विचारतात. युरोपीय संघाने 2023 मध्ये यंत्रसामग्रीसाठी नियम केला: सूचना डिजिटल चालतील, पण खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितली तर छापील प्रत एका महिन्यात, फुकट द्यायची. तो कॅमेऱ्यांसाठी नाही, पण तशी सोय कॅमेऱ्याला लावायला अडचण काय? आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 84 मध्येही, इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत तर उत्पादक जबाबदार धरला आहे. कागदावरच द्या असं तो म्हणत नाही, हेही सांगतो.

मला सहाशे पानं नकोतच. चाळीस पानं द्या, मराठीत: बटणांची चित्रं, फ्लॅशची मर्यादा, 50 हर्ट्झ, फोकसचा दिवा, कार्ड, धुळीत लेन्स कशी बदलायची, आणि शेवटी बिघाडांची लक्षणं. त्याचे शंभर रुपये वेगळे घेतले तरी मी देईन, आणि हाताखालच्या प्रत्येक पोरासाठी एकेक प्रत घेईन.