सीझर काही मरेना

तीन दिवस झाले, रोमच्या ज्युलियस सीझरचा खून रेडिओवर ऐकायचा म्हणून बसतोय आणि दर वेळी आमच्या घरातलं कोणीतरी त्याला वाचवतंय.

झालं काय, मला 'यू आर देअर' सापडलं. अमेरिकेतल्या सीबीएस रेडिओचा जुना कार्यक्रम, १९४७ ला सुरू झाला आणि १९५० पर्यंत चालला, अर्ध्या अर्ध्या तासाचे एपिसोड, आणि आयडिया अशी भन्नाट की इतिहासातली घटना आत्ता घडतेय असं धरायचं आणि रेडिओचे बातमीदार माईक घेऊन थेट तिथे हजर! लिंकनला गोळी लागते तिथे हे, फ्रेंच क्रांतीत पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगावर लोक चालून जातात तिथेही हेच. त्यातला जॉन डॅली तर खराखुरा बातमीदार, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याची बातमी सीबीएसवर त्यानेच वाचलेली, त्यामुळे उगाच नाटकी बोलत नाहीत हे लोक, बातम्या देतात तसंच बोलतात, आणि शेवट पाठ असूनही आपला जीव टांगणीला.

पहिल्या दिवशी इयरफोनचा उजवा कान गेला म्हणून मोबाईल स्टीलच्या पेल्यात उभा केला (आवाज मोठा येतो, करून बघा) आणि ओट्याशी मेथी निवडत बसलो. सगळे सिनेटर जमतायत, बातमीदाराचा आवाज खाली आलाय, आणि कुकरची शिट्टी. मग दुसरी. आई आतून ओरडली, "किती झाल्या रे?" मला काय माहीत, मी रोममध्ये होतो! डाळ लागली, बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी ऐन मोक्याला गॅसवाला आला आणि त्याला ओटीपी हवा होता, तो त्याच मोबाईलवर.

काल आईच शेजारी येऊन बसली. इंग्रजी कळत नाही पण आरडाओरडा कळतो. "कोण मरतंय?" म्हटलं सीझर, इसवी सनापूर्वी ४४, १५ मार्च, बायकोला वाईट स्वप्न पडलं होतं, जाऊ नका म्हणाली, तरी गेला. वाटेत एकाने कटाची चिठ्ठी हातात दिली, ती न वाचताच आत शिरला आणि तेवीस वार खाल्ले.

आई म्हणाली, "हातात आलेला कागद उघडून बघू नये का माणसाने?" आणि फ्रिजवरचं लाईटबिल माझ्यापुढे टाकलं. शेवटची तारीख कालचीच. ते भरेपर्यंत एपिसोड संपला होता.

रात्री पानं घेताना तिने परत विषय काढला. "मला एक सांग, तो माईकवाला तिथेच उभा होता ना?"

"हो."

"मग अडवलं का नाही मेल्याने?"

मी मुकाट्याने ताट पुढे ओढलं. मेथीत मीठ नव्हतं, पण बोललो नाही.