पूल मजबूत आहे, तज्ज्ञच डळमळीत

आमच्या गावाबाहेरच्या पुलावर नुकतीच पाटी लागली : ‘पूल धोकादायक आहे. वाहने आपल्या जबाबदारीवर न्यावीत.’ अभियंत्यांचा अहवाल आलाय म्हणे. बघायला मागितला, तर कचेरीतल्या साहेबांनी ‘वर पाठवलाय’ म्हणत पंख्याकडे बोट दाखवलं. तेव्हा तज्ज्ञांचं किती ऐकावं, याबद्दल गोंधळलेल्या बंधुभगिनींना थोडा सल्ला.

‘पूल धोकादायक आहे’ म्हणणाऱ्या तज्ज्ञाला टेंडर हवं असतं, हे ओळखा. ‘पूल ठणठणीत आहे’ म्हणणाऱ्यावर मात्र असा संशय घेऊ नये. तो देशसेवा करतो.

इंग्रजांनी बांधलेलं असेल तर विषयच संपला.

तपासणी झाली का, एवढंच विचारा. कशी झाली, हे विचारू नये. महाडचा सावित्रीवरचा पूल १९२८ चा. मे २०१६ मध्ये तपासला, वाहतुकीला योग्य ठरला. २ ऑगस्टच्या रात्री पुरात गेला, सोबत दोन एसट्या. पुराचं पाणी खांबाच्या पायाखालची माती-खडी उकरून नेतं आणि आपण वर उभं राहून कठड्याचा रंग बघतो! मुंबईत सीएसएमटी स्थानकाजवळचा हिमालय पादचारी पूल तर ऑडिटमध्ये ‘किरकोळ दुरुस्ती’ असा शेरा मिळवून १४ मार्च २०१९ ला संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. काँक्रीटचा नमुना कापून काढता येतो, ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी शोधता येते, पाणबुडे उतरवून पाया बघता येतो. पण त्याला पैसे लागतात, दिवस लागतात. सहीला पेन पुरतं. मग पूल पडला, की दुसऱ्या दिवशी राज्यभरच्या पुलांचं ऑडिट करण्याचे आदेश सुटतात. ते अहवाल कुठे जातात? वर. पंख्याला! आणि सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनात आलं तर जमतं की यांना. मनात यायला माणसं वाहून जावी लागतात, एवढंच.

पदवी नसलेल्यांचं तर अजिबात ऐकू नका. तिवरे धरण गळतंय, असं गावकरी सांगत होते. २ जुलै २०१९ ला ते फुटलं आणि मंत्रिमहोदयांनी गुन्हेगार पकडले : धरण पोखरणारे खेकडे.

इशारा ऐकायचा मोह झालाच, तर अंधेरीचा गोखले पूल आठवा. धोकादायक म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केला, नवा बांधला, तर त्याची उंची शेजारच्या बर्फीवाला पुलाशी जुळेना. पुन्हा कोण ऐकेल तज्ज्ञांचं?

आता सरळच बोलतो. साहेब, ‘आपल्या जबाबदारीवर’ म्हणजे कोणाच्या? शाळेची बस रोज या पुलावरून जाते. खांबाखाली काय झालंय, ते ड्रायव्हरने खाली वाकून बघायचं का? पूल चालण्यासारखा नसेल तर बंद करा, असेल तर किती टनांपर्यंत, ते लिहा. पाटी लावून हात झटकायला तुम्हाला पगार मिळत नाही.

आणि आपणही काही कमी नाही. पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरच्या पुलाशी इशाऱ्याची पाटी होती. १५ जून २०२५ ला, रविवारी, तरी त्या पुलावर गर्दी झाली. पूल कोसळला, चार जण गेले. आमच्याकडे उंचीची कमान वाकवून परवा डंपर पलीकडे गेला, तेव्हा टाळ्या वाजवणारे काही बाहेरगावचे नव्हते. तज्ज्ञ विकले गेलेत म्हणता ना? मग कचेरीत जाऊन तो अहवाल मागा : कोणी तपासलं, कधी, कशाने. मी मागितला तेव्हा मागे रांगेत एक माणूस नव्हता.